खोडलेल्या सहा नोंदी

पत्र नऊ वाक्यांचे होते. त्यातली आठ खरी होती आणि नवव्यासाठीच ती जमवून आणलेली होती. शाळेने विद्यार्थ्यांना हवा मोजण्याची साधने शैक्षणिक हेतूने दिली होती, हे खरे. साधने मुलांनी स्वतः जोडली होती, हेही खरे. सदर विद्यार्थिनीच्या वडिलांच्या निधनाने शाळेला अतीव दुःख झाले आहे, हे वाक्य खऱ्याखोट्याच्या पलीकडचे असते, म्हणून ते खऱ्यात धरायचे. नववे वाक्य असे होते: ‘सदर साधनाच्या जोडणीत विद्यार्थिनीकडून दोष राहिला असल्याने त्याच्या नोंदी विश्वासार्ह मानता येणार नाहीत.’ त्याखाली सहीपुरती जागा सोडली होती आणि त्या जागेखाली ‘विज्ञान शिक्षिका’ असे टंकलेले होते.

“वाचलंत ना?” मुख्याध्यापकांनी विचारले.

“वाचलं.”

“मग करून टाका सही. तपासनीस उद्या दुपारी येतायत. त्या मुलीच्या वडिलांच्या लाँड्रीत गॅस किती दिवस साठत होता, एवढंच त्यांना हवंय. तिथं भिंतीवर तिचा तक्ता टांगलेला बघितला त्यांनी. तक्त्यात हवा एकदम स्वच्छ, आणि माणूस तर गेला गॅसनं. मग हा तक्ता खरा की खोटा, असं विचारत होते.”

“आणि आपण सांगायचं, पोरीनं तार चुकवली.”

“आपण कुठं सांगतोय? ती स्वतःच सांगतेय! तिच्या काकांनी मला फोनवर सांगितलं. पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावलाय तिनं, माझी तार चुकली, माझी तार चुकली. आपण नुसता दुजोरा द्यायचा.” मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणला. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, प्रत्येक शब्दाचा कीस काढू नका. चौदा वर्षांच्या मुलीचं कोण काय वाकडं करणार आहे? आपली प्रयोगशाळा मात्र वाचेल.”

“तार तपासते, मग बघते.”

“आता तपासायचं काय राहिलंय त्यात?”

“सही करण्याआधी तपासावं, असं मी बावीस वर्षं मुलांना सांगत आलेय,” बाई म्हणाल्या आणि पत्र घडी घालून उठल्या. त्या वाक्यात उपरोध होता. तो कोणावर उलटणार आहे, हे मात्र त्या क्षणी त्यांना अर्धवटच माहीत होते.

मुले त्यांना दशांशबाई म्हणत. उत्तरात दशांशचिन्ह चुकले की त्या अर्धा गुण कापत आणि एकक लिहायचे राहिले की दुसरा अर्धा. हे नाव त्यांच्या कानावर होते आणि मनातून आवडतही होते. त्यांच्या घरात भिंतींपेक्षा पुस्तकांची लांबी जास्त होती. शिक्षण खात्याची परिपत्रके त्या कर्मचारी खोलीत चढ्या आवाजात वाचून दाखवीत आणि त्यातल्या प्रत्येक विशेषणाची यथासांग विटंबना करीत. ‘प्रकल्पाचा आलेख स्वच्छ, सुबक व पाहताक्षणी समजणारा असावा’ या वाक्यावर त्या वर्षी त्यांनी सगळ्यांना पोट धरून हसवले होते. नंतर वर्गात जाऊन त्यांनी बत्तीस मुलांकडून तंतोतंत तेच करून घेतले. शहाण्या माणसाची आज्ञाधारकता ही अशी असते: ती आधी हसून घेते.

प्रकल्प साधा होता. प्रत्येकाला एक क्रमांक घातलेली पेटी. पेटीत अंगठ्याच्या पेराएवढा सेन्सर, छोटा सर्किट बोर्ड, बॅटरी, आकडा दाखवणारी इवलीशी काच आणि नोंदी साठवणारे कार्ड. लाल तार विजेची, काळी परतीची, पिवळी निरोपाची, असे बाईंनी शिकवले होते. जोडणी मुलांनी करायची आणि पेटी घरातल्या एखाद्या खोलीत एकवीस दिवस ठेवायची. जिथे काही जळते तिथे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे हवेतले प्रमाण, हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, रोज संध्याकाळी सहा आणि सात वाजता पेटीवर वाचायचे आणि हाताने वहीत उतरवायचे.

वर्गात एक मुलगी होती. तिला काहीही सांगा, ती विचारायची, “कशावरून?” पृथ्वी गोल आहे, कशावरून? लोखंड गंजते, कशावरून? उद्या सुट्टी आहे, कशावरून? वर्गाने तिचे नावच ‘कशावरून’ ठेवले होते आणि ते ठेवण्यात बाईंचाही हात होता. बावीस वर्षांत अशी दोन मुले भेटली, असे त्या म्हणत. पहिले कोण ते कधी सांगत नसत. अकरा क्रमांकाची पेटी तिच्याकडे गेली. तिच्या वडिलांची लाँड्री होती, वर राहते घर. पेटी तिने खाली लाँड्रीतल्या फळीवर ठेवली.

एकविसाव्या दिवसानंतर तिने पेटी आणि वही बाईंच्या टेबलावर आणून ठेवली आणि वही उघडली. बहुतेक दिवशी आकडे तीन, चार, पाच. सहा दिवशी मात्र नव्वद, शंभर, एकशे एकतीस.

“हे काय?” बाईंनी विचारले.

“तेच तर, बाई. दर मंगळवारी आणि शुक्रवारी असं होतंय. त्या दिवशी दवाखान्याच्या चादरी येतात. बॉयलर चारपासून आठपर्यंत चालू असतो.”

बाईंचा चेहरा उजळला, कारण त्यांना उत्तर माहीत होते. “मग झालं तर! वाफ. हे स्वस्तातले सेन्सर दमट हवेत फसतात. त्यांना वाफ लागली की ते गॅस गॅस म्हणून ओरडत सुटतात.”

“कशावरून?”

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि प्रश्नाला कृतीने उत्तर द्यावे या आपल्या तत्त्वाला जागून त्यांनी तिथल्या तिथे केटलीत पाणी उकळून पेटी वाफेवर धरली. आकडा चारावरून तीसवर चढला. “बघ,” त्या म्हणाल्या. तीस आणि एकशे एकतीस यांच्यामध्ये एक दरी होती. ती लाँड्रीतल्या जास्तीच्या वाफेने भरून निघेल असे बाईंनी ठरवले, कारण ती न भरणे गैरसोयीचे होते. एखादा अडाणी माणूस तो आकडा पाहून घाबरला असता आणि त्याने जाऊन खिडकी उघडली असती. बाईंना घाबरण्याची गरज नव्हती. त्यांच्याजवळ स्पष्टीकरण होते.

“मग या नोंदींचं काय करू?” मुलीने विचारले.

“भरकटलेली नोंद आलेखात घ्यायची नाही. पण कार्डावरची मूळ नोंद पुसायची नाही, कधीही नाही. ती तशीच ठेव.” बाईंनी लाल पेन उचलले, सहा ओळींवर सहा सरळ रेघा ओढल्या, समासात ‘सेन्सरची चूक, वाफ’ असे लिहिले आणि खाली आद्याक्षरे घातली. एकवीस दिवसांतले सहा दिवस, तेही ठरावीक वारीच, भरकटत नसतात. हे दशांशबाईंनी एखाद्या परक्या शाळेच्या वहीत पाहिले असते तर त्या शिक्षकाची त्यांनी वर्षभर चेष्टा केली असती.

आलेख सपाट आला, सुंदर आला. प्रदर्शनात त्याला ‘नेटक्या मांडणीबद्दल’ दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षक आलेखापुढे दीड मिनिट थांबले, इतर तक्त्यांना मिळाला त्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त. मुलीचे वडील स्वतः इस्त्री केलेल्या कडक सदऱ्यात आले होते. तक्त्यापुढे ते असे उभे होते, जणू त्याला हात लावला तर चुणी पडेल.

“बाई, हे यंत्र माझ्यावर पाळत ठेवायला दिलं होतंत का?” त्यांनी विचारले. “दिवसातून दोनदा खाली येऊन बघायची. आणि प्रश्न! मंगळवारी आणि शुक्रवारी तर माझं डोकंच उठतं बघा. बाकीचे दिवस कसं बरं असतं.”

“मग त्या दोन दिवशी तिला शाळेतच ठेवून घेते,” बाई म्हणाल्या.

“नको नको, बाई! चादरींच्या घड्या कोण घालेल?”

मुलीसकट तिघेही हसले. प्रशस्तिपत्र आणि तक्ता वडिलांनी त्याच दिवशी लाँड्रीच्या भिंतीवर लावला, बॉयलरच्या वर, गिऱ्हाइकांना दारातूनच दिसेल असा. पेट्या शाळेच्या कपाटात परत गेल्या.

पुढच्या महिन्यात थंडी वाढली. एका मंगळवारी संध्याकाळी मुलीच्या वडिलांनी लाँड्रीच्या खिडक्या लावून घेतल्या. बॉयलरचा धूर बाहेर नेणारी नळी वर छपराशी कबुतरांच्या घरट्याने केव्हापासून बुजत आली होती. त्या दिवशी ती पुरतीच बुजली असावी. मुलगी साडेसातला जेवायला बोलवायला खाली गेली, तेव्हा ते इस्त्रीच्या टेबलाला टेकून बसलेले होते, दमून बसल्यासारखे. इस्त्री त्यांनी उभी करून ठेवलेली होती. चादर जळली नव्हती.

या गोष्टीला आता सोळा दिवस झाले होते.

प्रयोगशाळेचे कपाट उघडून बाईंनी अकरा क्रमांकाची पेटी बाहेर काढली. लाल तार जागेवर. काळी जागेवर. पिवळी जागेवर, एवढेच नव्हे तर ती ओढली जाऊ नये म्हणून मुलीने तिला दोऱ्याची एक बारीक गाठही मारली होती, जी बाईंनी शिकवलेली नव्हती. बाईंनी तरीही भिंग लावून प्रत्येक टोक पाहिले. त्यांना दोष हवा होता, हे त्यांच्या ध्यानात आले. बावीस वर्षांत त्यांनी एखाद्या मुलाच्या जोडणीत चूक सापडावी म्हणून इतक्या आशेने कधी शोध घेतला नव्हता.

मग त्यांनी कागदाची सुरळी पेटवली, फुंकून विझवली आणि तिचे धुमसते टोक पेटीसह काचेच्या हंडीखाली ठेवले. चार. एकोणतीस. शहाऐंशी. एकशे साठ. वाफ नव्हती, पाणी नव्हते, केटली पलीकडच्या टेबलावर कोरडी पडलेली होती. पेटी खरे बोलत होती. खरे सोडून दुसरे काही बोलायला ती शिकलेलीच नव्हती.

कार्डावर सगळ्या नोंदी शाबूत होत्या, दर दहा मिनिटांची एक. मुलीने आज्ञा पाळली होती. बाईंनी ते सहा दिवस छापून काढले. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. चार वाजता आकडा चढू लागे, आठनंतर उतरू लागे, आणि दर वेळी मागच्या वेळेपेक्षा थोडा वर जाई. इतका सुबक, पाहताक्षणी समजणारा आलेख त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

मुख्याध्यापकांचे पत्र त्यांनी उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात लिहिले: जोडणी निर्दोष आहे. उपकरणाने सहा दिवस धोका दाखवला. त्या नोंदी चूक ठरवून आलेखातून काढण्याची सूचना माझी होती; वहीत माझे अक्षर आहे. चार ओळी, एकही विशेषण नाही. तिथे सही केली. वहीच्या त्या पानाच्या आणि छापील नोंदींच्या प्रती जोडून त्या तो कागद स्वतः तपासनिसाच्या कार्यालयात देऊन आल्या. परत येताना त्यांना जरा हलके वाटले. या हलकेपणाची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तिथून त्या लाँड्रीत गेल्या. दुपारचे चार वाजले होते. दार सताड उघडे, खिडक्या उघड्या, बॉयलरवर सरकारी मोहोर. आत मुलगी आणि तिची आई चादरीच्या घड्या घालत होत्या. दोघी समोरासमोर, चादर ताणायची, जवळ यायचे, टोके जुळवायची, पुन्हा लांब जायचे.

“या बाई,” आई म्हणाली. “बसा. दवाखान्याच्या आहेत. यांनीच धुतलेल्या, त्या दिवशीच्या. तशाच पडल्या होत्या. परत द्यायला हव्यात ना?”

बाई बसल्या नाहीत. “मी पेटी तपासली,” त्या मुलीला म्हणाल्या. “तार चुकलेली नाही.”

मुलीने चादरीवरून नजर काढली नाही. “चुकलीच असणार. नाहीतर कळलं नसतं का?”

“रोज तेच म्हणते,” आई म्हणाली. “जेवताना तेच, झोपेत तेच. मी म्हटलं, अगं, तू काय इंजिनीयर आहेस का? पोर आहेस. चुकतं पोरांचं.”

“तिचं चुकलं नाही,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी वाटेत दहा वेळा जुळवले होते आणि आता ते वेड्यावाकड्या क्रमाने बाहेर पडले. पेटीने बरोबर दाखवले होते. ते आकडे खरे होते. वाफ नव्हती. गॅसच होता. खोडायला मी सांगितले. लाल रेघा माझ्या. तू काही चुकवले नाहीस, काही म्हणजे काहीच नाही. त्यांनी पिशवीतून वही काढून ते पान उघडून धरले. त्यांना वाटत होते की आपण या मुलीच्या छातीवरचा धोंडा उचलत आहोत.

मुलीने पानाकडे पाहिले. आईच्या हातातले चादरीचे टोक तसेच अधांतरी राहिले.

“म्हणजे मला तेव्हा बरोबर कळलं होतं,” मुलगी म्हणाली.

“हो.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. कशावरून, म्हणून.”

“हो.”

“तुम्ही केटली दाखवलीत.”

“हो.”

“आणि मला पटलं.”

बाईंनी वाचलेल्या पुस्तकांत अपराधाचे पुष्कळ प्रकार होते. दुसऱ्यावर विश्वास ठेवल्याचा अपराध एखादे मूल असे स्वतःच्या नावावर मांडून घेईल, याची सोय त्यांपैकी एकातही केलेली नव्हती.

“पटायचंच. मी शिक्षिका आहे तुझी. चूक माझी...”

“बाबांना मी म्हटलं होतं, आज आकडा फार आहे. ते म्हणाले, खिडकी उघडू का? मी म्हटलं, थांबा, आधी बाईंना विचारते.” तिचा आवाज चढला नाही. पाठ म्हणून दाखवावा तशी ती बोलत होती. “मग विचारून आले. आणि सांगितलं त्यांना, काही नाही, नुसती वाफ आहे. ते म्हणाले, बघ, उगाच घाबरवत होतीस.” तिने वहीवरून नजर काढली. “तार चुकली असती तर बरं झालं असतं, बाई.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. बाईंच्या हातातली वही अजून उघडीच होती. ती मिटायची की नाही, हे त्यांना ठरवता येईना. मुलीने चादरीचे आपले टोक सोडून दिले आणि ती जिना चढून वर निघून गेली. पावलांचा आवाज वर जाऊन थांबला. दार लागल्याचा आवाज आला नाही, रडण्याचाही आला नाही.

आई बाईंकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग असता तर बाईंना तो हातात घेता आला असता.

“डोकं दुखतं म्हणायचे,” आई म्हणाली. “मी गोळी द्यायचे.” मग तिने आपल्या हातातली टोके जरा वर उचलली. “तेवढं टोक धरा बाई, जमिनीला लागतंय. धुतलेली आहे.”

बाईंनी वही टेबलावर ठेवली आणि टोक धरले. चादर ताणली, जवळ आल्या, टोके जुळवली, लांब गेल्या. अशा अकरा चादरी होत्या. बॉयलरच्या वर भिंतीवर तो सपाट आलेख टांगलेला होता. त्याच्याकडे पाठ करून दरवाजाकडे तोंड करता आले असते; बाईंनी ते केले नाही.

पुढे जे व्हायचे ते रीतसर झाले. तपासनिसाने अहवाल लिहिला. मुख्याध्यापकांनी बाईंशी बोलणे सोडले. प्रयोगशाळा दुसऱ्या शिक्षकाकडे दिली गेली आणि त्याने पहिल्या दिवशी सगळ्या पेट्यांची कार्डे कोरी करून घेतली, नव्या तुकडीसाठी. खात्याकडून एक परिपत्रक आले, की यापुढे मुलांनी अशा वायूचे मोजमाप करू नये. पानांची लांबी, सावलीची लांबी असे सुरक्षित विषय घ्यावेत. बाईंनी ते कर्मचारी खोलीत वाचून दाखवले नाही. त्यांच्याकडे आता फक्त गणिताचे तास उरले होते.

पाचव्या आठवड्यात मुलगी शाळेत आली. आपल्याच बाकावर बसली, वही उघडली, समास आखला. बाई फळ्यावर उदाहरण सोडवत होत्या. पाच ओळी झाल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तिसऱ्या ओळीत दशांशचिन्ह एक घर उजवीकडे पडले आहे आणि उत्तर दहापट मोठे आले आहे. असे त्यांच्या हातून बावीस वर्षांत झालेले नव्हते. बत्तीस माना खाली होत्या, एकतीस पेने चालत होती.

त्या वळल्या. तिसऱ्या ओळीशी मुलीचे पेन थांबलेले होते. तिने मान वर करून फळ्याकडे पाहिले, नेमके त्या चिन्हाकडे, मग बाईंकडे. तिला दिसले होते. बाई खडू हातात धरून थांबल्या. वर्गाला वाटले, त्या काहीतरी आठवत आहेत. त्या वाट पाहत होत्या एका शब्दाची.

मुलीने मान खाली घातली आणि फळ्यावर जसे होते तसेच वहीत उतरवून घेतले.